डब्याच्या काचा

किल्लीवाल्याला उभ्या आयुष्यात कधी घाई झाली नव्हती, आणि झाली ती नेमकी नको त्या दिवशी. गल्लीच्या तोंडाशी त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. लोक घराबाहेर अडकून घामाघूम व्हायचे आणि हा आपला कानस फिरवणार, किल्ली उजेडाकडे धरणार, परत कानस फिरवणार. बायको म्हणायची, "अहो, चोर याच्या निम्म्या वेळात घर धुऊन नेतो." त्यावर तो नुसता हसायचा.

हा संथपणा त्याला बापाकडून मिळाला होता. बाबांनी पस्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात डब्यांच्या खिडक्यांना काचा बसवल्या. खऱ्या डब्यांना, हं! काचेच्या कडेला रबर लावायचं, काच चौकटीत दाबायची आणि मग अंगठ्याचं नख कडेवरून फिरवायचं. नखाला जरा काही लागलं की काच परत बाहेर. निवृत्त झाल्यावर त्यांनी हाच उद्योग घरी आणला. डबे तेवढे वीतभर लांबीचे झाले.

त्यांना कोणी खेळणं म्हटलेलं खपायचं नाही. "नमुना म्हण," ते दरडावायचे. आता हे नमुन्याचे डबे विकत येतात तेव्हा सगळ्या खिडक्यांना मिळून प्लास्टिकची एकच जाडजूड पट्टी आतून चिकटवलेली असते. काच खोल गेलेली दिसते, कडा भिंगासारख्या चमकतात, आणि आत माणूस बसलाय की बटाटा, कळायला मार्ग नाही. म्हणून ती पट्टी उपटायची आणि प्रत्येक खिडकीला वेगळी, पातळ, स्वच्छ काच कापून डब्याच्या अंगाबरोबर सपाट बसवायची. तीही प्लास्टिकचीच, पण बापलेक तिला काचच म्हणत. दहा-बारा वर्षांत दोघांनी मिळून कपाटभर डबे असे डोळस केले होते.

या कामात बाबांचा एकच कायदा होता. काचेला गोंद लावायचा तो पांढरा. तो वाळायला रात्र घेतो, पण वाळला की दिसत नाही. तो दुसरा, दोन मिनिटांत पकडणारा गोंद काचेच्या आसपास आणायचा नाही, कारण वाळताना त्याची वाफ सुटते आणि ती काचेवर पांढरी बसते. पुसून जात नाही, की धुऊन जात नाही. "तो गोंद तुटक्या चपलेला ठीक," बाबा म्हणायचे. "काचेला लावणाऱ्याचे हात कलम करावेत."

दोन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा डोळा ऑपरेशननंतर गेला. दिसेल, दिसेल, महिनाभरात दिसेल, असं सगळेच सांगत राहिले. पुढे बाबांना कळलं की डॉक्टरांनी आठव्या दिवशीच लेकाला खरं काय ते सांगितलं होतं, आणि बाबा खचतील म्हणून लेकाने ते दोन महिने पोटात ठेवलं. बाबा रागावले नाहीत. "माझ्याशी गोड बोलत जाऊ नकोस," एवढंच म्हणाले. पण तेव्हापासून कोणी दिलासा दिला की ते भिंतीकडे बघायला लागायचे.

आता डाव्या डोळ्याची पाळी आली. आतला पडदा कडेने सुटत होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "मधला भाग अजून घट्ट आहे, तोवरच काही करता येईल. गुरुवारी सकाळी या. टाळू नका." आणि बाबा अडून बसले. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. यांनी ताकाचं भांडंच लाथाडलं.

शेवटी रविवारी, सुनेने डोळ्यांत पाणी आणल्यावर, बाबांनी एक अट घातली.

"तो निळा डबा आहे ना, रिकामा? त्यात माझ्या नकळत ती इवली माणसं बसव. बुधवारी संध्याकाळी माझ्यापुढे ठेव. खिडकीतून मला माणसं मोजता आली तर डोळ्यात जीव आहे असं समजेन आणि गुरुवारी मुकाट्याने येईन. नाही आली, तर मेलेल्या डोळ्यावर सुरी चालवून घेणार नाही. झालं समाधान?"

बाकीच्या डब्यांतली माणसं बाबांनी स्वतः बसवलेली, त्यांची मोजणी त्यांना तोंडपाठ. निळाच काय तो रिकामा. पण निळ्याला अजून ती जाड पट्टी होती. त्यातून गरुडालाही काही दिसलं नसतं!

"काचा लावूच नका ना," बायको म्हणाली. "उघड्या खिडक्यांतून चांगलं दिसेल."

"बाबा आधी नख फिरवतील. काच नाही हे कळलं की म्हणतील, परत फसवलंस."

तेव्हा चोवीस खिडक्यांना चोवीस काचा घालणं आलं. त्याने डबा दुकानात नेला. रविवारी पट्टी काढली. सोमवार-मंगळवार तो किल्ल्या सोडून काचाच घासत होता. हे डबे वरून सारखे दिसतात, पण एक खिडकी दुसरीसारखी असेल तर शपथ. केसभर जास्त झाली तर काच कमान टाकते, केसभर कमी झाली तर आत पडते. चिमट्याने धरायची, दाबून बघायची, काढायची, कानशीचे दोन हात द्यायचे, परत दाबायची. गिऱ्हाइकं शिव्या देऊन निघून गेली. बुधवारी दुपारी अठरा काचा पांढऱ्या गोंदाने पक्क्या बसल्या होत्या आणि सहा उरल्या होत्या.

पांढऱ्या गोंदाला रात्र हवी. हाताशी होते चार तास. नुसत्या दाबून बसवलेल्या काचा बाबांच्या नखाखाली आत गेल्या असत्या. समोर फळीवर तो दुसरा गोंद होता. कुलपाची पाटी चिकटवायला ठेवलेला.

सहा काचांना सुईच्या टोकाएवढा एकेक थेंब, किल्लीवाल्याने मनाशी म्हटलं. एवढ्याने काय होतंय? त्याने त्या सहा बसवल्या. आत नऊ माणसं बसवली. छप्पर नीट बसेना, बाबांनी डबा हातात घेतला आणि ते निघालं तर काय घ्या, म्हणून छपरालाही त्याच गोंदाची बारीक रेघ ओढली. अहो, ज्याने आयुष्यभर घाई केली नाही त्याला घाईसुद्धा धड करता येत नाही! सगळी वाफ त्याने आत कोंडली, डबा खोक्यात घातला, दुकान बंद केलं आणि घरी निघाला.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, शर्ट धुतलेला. हॉस्पिटलची पिशवी सुनेने दाराशी भरून ठेवली होती आणि त्यांनी ती ठेवू दिली होती. किल्लीवाल्याने खोकं उघडलं, डबा बाहेर काढला आणि पाहतो तर काय! चोवीसच्या चोवीस काचा आतून पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"बाबा, थांबा—"

"आण इकडे." बाबांनी डबा त्याच्या हातातून घेतलाच. उजेडाकडे धरला. जवळ नेला, लांब नेला. मग त्यांनी अंगठ्याचं नख एकेका खिडकीवरून फिरवलं, अगदी शेवटपर्यंत.

"काचा मात्र सुरेख बसवल्यास," ते म्हणाले. "नखाला कुठे लागत नाही."

"बाबा, माझं ऐका. काचा खराब झाल्यात. मी तो गोंद लावला, तो दुसरा. आतून वाफ बसलीय. मलाही काही दिसत नाहीये."

बाबा हसले.

"तू? तो गोंद? काचेला?"

"हो बाबा. वेळ नव्हता."

"लेका, वेळ नव्हता म्हणून अर्ध्या गावाला उन्हात उभं करणारा तू. असला गाढवपणा तू करणार नाहीस. माझ्या हाताखाली शिकलायस."

"अहो बाबा, खरंच पांढऱ्या झाल्यात," सून म्हणाली. "मीही बघतेय ना."

"तुम्ही दोघं मागच्या वेळीही एका सुरात बोलत होतात, सूनबाई." बाबांच्या आवाजात राग नव्हता. "काच गुळगुळीत आहे. मला हाताला कळतं. गेला तो डोळा. मोठं मोठं दिसतंय ते दिसेल काही दिवस. बारीक संपलं."

किल्लीवाल्याने छपरात पातं घालून ते उचकटलं. कड मोडली, आतली माणसं जमिनीवर सांडली. "हे बघा! आतून बघा!" तो ओरडला. हे तरी वाचून बघा म्हणत सुनेने वर्तमानपत्र पुढे धरलं. पण बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

"एक परीक्षा झाली. पुरे. शब्द म्हणजे शब्द."

गुरुवार गेला. सकाळी टॅक्सी दारात येऊन उभी राहिली, दहा मिनिटं थांबली आणि गेली. किल्लीवाल्याने पाय धरले, आवाज चढवला, जेवण सोडलं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एखाद्या लहान मुलाचं घ्यावं तसं. खरं बोलत होता बिचारा, पण त्याच्या खऱ्याला त्या घरात कवडीची किंमत उरली नव्हती, आणि ती त्याची त्यानेच घालवली होती.

त्याला दुसरं काय सुचणार? त्याने चोवीस काचा नव्याने कापल्या. या वेळी पांढरा गोंद, आणि वाळायला अख्खी रात्र. आठ दिवस गेले. बाबा बहुतेक वेळ डोळे मिटूनच बसलेले असायचे. नवव्या दिवशी सकाळी त्याने डबा बाबांच्या मांडीवर ठेवला आणि हात जोडले. "एकदाच बघा. मग मी परत कधी बोलणार नाही."

बाबांनी नाइलाजाने डबा उचलला आणि त्यांची मान वाकडी झाली. मग सरळ. मग परत वाकडी.

"हे काय रे? मी जिच्याकडे बघतो ती खिडकी नाहीशी होते. नुसतं भोक. तिच्या शेजारच्या मात्र लख्ख. पलीकडे टोपीवाला बसलाय बघ. त्याच्याकडे बघायला गेलो की तो गेला."

किल्लीवाल्याने डबा जरा उजेडाकडे वळवला.

"त्या दिवशी असं भोक नव्हतं," बाबा हळूहळू म्हणाले. "सगळ्या सारख्याच पांढऱ्या होत्या. कडेच्याही, मधल्याही." त्यांनी डबा खाली ठेवला. "डोळा जातो तो असा जातो होय. म्हणजे तो गोंद..."

"हो बाबा."

"खरंच लावलास?"

"सहा काचांना. आणि छपराला."

बाबा स्वतःच उठले आणि त्यांनी सुनेकडे शर्ट मागितला.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं, परत पाहिलं, आणि खुर्ची मागे सरकवली. मधला भाग सुटला होता, तीन-चार दिवस तरी झाले असतील. आता ऑपरेशन करून कडेचा थोडा उजेड राहिला तर राहील. माणसाचा चेहरा, अक्षर, बारीक काम, हे यापुढे नाही. हे सगळं त्यांनी सांगितलं, आणि मग त्यांचा पारा चढला.

"त्या गुरुवारी का आला नाहीत? मी तुम्हाला इतकं बजावून सांगितलं होतं!"

किल्लीवाल्याने तोंड उघडलं. पण बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मी हट्टी माणूस आहे हो बाई," ते म्हणाले. "घाबरलो आणि ऐनवेळी पाय मागे घेतला. याने फार विनवलं. याचा काही दोष नाही."

डॉक्टरीणबाईंनी किल्लीवाल्याकडे बघितलं. "असं झालं का?"

बाबांचा तो डोळा त्याच्याकडे वळला होता, पण त्याच्या चेहऱ्यावर न थांबता कुठेतरी बाजूला, कानापलीकडे बघत होता. खरं सांगून टाकावं असं किल्लीवाल्याला मनापासून वाटलं. "हो," तो म्हणाला, आणि बाईंनी तसं कागदावर लिहून घेतलं.