एकशे सतराव्या पानाचा समास

मित्रांनो, मी इतिहासाचे एक जुने शाळकरी पुस्तक आहे. माझा सारा जन्म अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका लहान गावात गेला. त्या बुधवारी वर्डेलबाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या आणि मी त्यांच्या शेजारी बाकावर होते. त्यांची मुलगी नीटा गावातल्या शाळेत इतिहास शिकवते. तिने येऊन नवे पाठ्यपुस्तक उघडले.

"बघ, आई. गुलाम हा शब्दच काढलाय. 'शेतांवर कामाला आलेले लोक' म्हणे."

"आले? बोटीचं तिकीट काढून आले की काय?" वर्डेलबाई हसल्या. मग हात थांबवून म्हणाल्या, "सोमवारी शाळा मंडळापुढे बोलणार आहेस ना?"

"नोकरीवर येईल गं."

"मग ये इथे. शेंगा पुष्कळ आहेत."

नीटाने नवे पुस्तक मिटले. मला मात्र चैन पडेना. नव्या पुस्तकाचे ते वाक्य माझ्या रक्ताचे होते.

मी कोरे करकरीत होते तेव्हा गोऱ्या मुलांच्या शाळेत गेले. पहिल्या मुलीने मला तपकिरी कागदाचे कव्हर घातले होते. माझ्या आतल्या पुठ्ठ्यावर नावांसाठी आठ ओळी होत्या. आठही भरल्या, पाठीची शिवण उसवली, आणि मी बाद झाले. बाद झालेली पुस्तके काळ्या मुलांच्या शाळेत पाठवायची, अशी तेव्हाची रीत होती. आठव्या मुलाला ते ठाऊक होते. जाता जाता त्याने माझ्या पहिल्या पानावर पुढच्यासाठी घाणेरडी शिवी लिहिली.

नव्या शाळेत शिकवणाऱ्या टॉलिव्हरबाईंनी पिठाच्या खळीने त्या शिवीवर कागद चिकटवला. मग मी दहा वर्षांच्या वर्डेलच्या हाती आले. ओळ उरली नव्हती, म्हणून तिने आठव्या नावाच्या खाली आपले नाव लिहिले.

पण एकशे सतराव्या पानावर छापील अक्षरांत होते, 'गुलाम आपल्या मालकांजवळ सुखी होते.' वर्डेलच्या पणजीला नवव्या वर्षी आईपासून तोडून विकले होते. वर्डेलने समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिला. बाईंनी तो पाहिला. आता मार बसणार, असे मला वाटले.

"अक्षर सुधार," बाई म्हणाल्या. "पुढच्याला वाचता आलं पाहिजे."

पुढे शाळेने मला टाकून दिले, तेव्हा वर्डेलने घरी आणले. लहानग्या नीटाकडून ती ते पान मोठ्याने वाचून घ्यायची. छापील वाक्य नीटा खणखणीत वाचे आणि समासाशी गप्प होई.

"पुढचं?"

"दिसत नाही, आई."

त्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी वर्डेलबाई उठल्याच नाहीत. सोललेल्या शेंगांचे दाणे वाडग्यात तसेच राहिले.

सोमवारी नीटाने मला छातीशी धरून शाळा मंडळाच्या सभेत नेले. तिच्या तळव्याचा घाम माझ्या पुठ्ठ्यात मुरत होता.

"दोन मिनिटं, बाई," अध्यक्ष म्हणाले.

तिने नव्या पुस्तकातले वाक्य वाचले, मग माझे. मागून कोणीतरी पुटपुटले, "जुनी मढी कशाला उकरतेस?"

मित्रांनो, मला जाळू नका आणि माळ्यावर दडवूही नका. मला माझ्या पापासकट जपा, पण त्या पेन्सिलीसकट जपा.

नीटाचे बोट समासात आले आणि थांबले.

"मला दिसत होतं, आई," ती हळूच म्हणाली. "तेव्हाही दिसत होतं."

मग मान वर करून तिने माईकवर तो शब्द वाचला.

"खोटं."