गोणीचा तळ

दुकानदाराने गोणी सोडली तेव्हा वर टपोरे वाटाणे होते. विकता विकता दाणे बारीक होत गेले आणि तळाशी नुसती कणी उरली. बायको वारल्यापासूनची ही तिसरी अशी गोणी.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," एक गिऱ्हाईक म्हणालं. दुकानदाराच्या मनात पाल चुकचुकली.

माल मेहुण्याच्या, बायकोच्या भावाच्या, गोदामातून यायचा. ती होती तोवर एकही गोणी अशी निघाली नव्हती. मग त्याला आठवलं, गोणी आली की बायको स्वतःच पुढे व्हायची. सोडण्याआधी ती आडवी पाडून दोनदा उलथीपालथी करायची. त्याला हातही लावू द्यायची नाही.

म्हणजे भावाची लबाडी ती झाकत होती? बावीस वर्षं?

मेहुण्याचं एक वेळ सोडून देता आलं असतं. पण तिच्याबद्दल असा संशय घेऊन त्या घरात राहायचं कसं?

सकाळीच तो गोदामात जाऊन उभा राहिला.

"दाजी, कळवायचं तरी!"

"म्हणूनच नाही कळवलं. माझ्यासमोर भर."

मेहुण्याने ढीग फावड्याने ढवळून गोणी भरली. प्रत्येक फावड्याला दुकानदार हात घालून दाणे बघत होता. तोंड त्याने स्वतः शिवलं आणि ट्रकमध्ये गोणीला टेकून बसला. चार तास नुसते खड्डे.

"डुलकी काढू नका हं," पुढून मेहुणा ओरडला, "नाहीतर मी डाव साधेन!"

दुकानात येताच त्याने तोंड उसवलं. वर टपोरे. तळाला चीर दिली. कणी भुरभुरली.

"आता बोला. मी काय बुडातून शिरलो?"

"मग झालं काय हे?"

"गाडी हादरली की दाणे उडतात, मध्ये फटी पडतात. फटीत बारकाच घुसणार, टपोरा वरच राहणार. एकट्यादुकट्या दाण्याचं हे काम नाही, गोणीभर दाणे मिळून करतात. वडिलांच्या गाडीतून जायचो तेव्हापासून ताईला ठाऊक होतं."

"मला का नाही बोलली?"

"बोलली होती. तुम्ही म्हणालात, 'असं कुठं असतं का?'"

दुकानदार तसं म्हणाला होता, अगदी हसत हसत.

त्याने दाभण घेतलं, चीर शिवली, तोंड बांधलं आणि गोणी आडवी पाडली.

"धरू का दाजी?"

"नको. ती एकटीच करायची."