बाबांच्या पायांतला लवणासुर

"रक्त! अगं बया, रक्त!"

१९५० सालची गोष्ट. सोलापुरातल्या गिरणी कामगारांच्या त्या गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध पाटावर लवणानंदबाबा. सकाळीच बायांनी हळद लावून त्यांचे पाय पुजले होते. ते पिवळेधम्मक पाय पुढं पसरून बाबा गरजत होते, "लोणारच्या तळ्यात लवणासुर गाडलाय! हे तिथलं तीर्थ! जिच्या अंगात असुर, तिच्या हातावरच्या हळदीचं रक्त होणार!"

बारा जणींचे हात पिवळेच राहिले. तेराव्या निंगव्वाच्या तळहातावर तीर्थ पडलं आणि हळद लालभडक झाली.

निंगव्वा दुधनीकडची, एकटी, पापड विकणारी. गल्लीत तीन पोरं तापानं फणफणली होती, आणि खापर फोडायला डोकं हवंच होतं.

"दिवस मावळायच्या आत गल्ली सोडायची," गल्लीचा पुढारी मल्लप्पा म्हणाला आणि तिचं पापडाचं टोपलं त्यानं ओट्यावरून उचलून रस्त्यात ठेवलं.

"यव्वा! मी काय केलं रं?" निंगव्वाला रडू आवरेना.

चौदा वर्षांच्या वच्छलेची शाळा कायमची सुटायची वेळ आली तेव्हा "शिकू दे की पोरीला!" असं तिच्या बापाला याच निंगव्वानं ठणकावलं होतं. वच्छला डोळे फाडून बघत होती. कमंडलू दोन होते! बारा जणींना तांब्याचा, निंगव्वाला काळा. आणि तो लाल रंग? हळदीच्या डागाला साबण लावला की दर धुण्याला दिसतो तोच!

ती तरातरा पुढं गेली. "बाबा, मला बी तीर्थ द्या की. काळ्यातलं!"

"कुमारिकेला वर्ज्य आहे, बाळे!"

"मग ऱ्हाऊ द्या." ती पाया पडायला वाकली, आणि काळा कमंडलू उचलून बाबांच्या पायांवर पालथा केला.

पाय घोट्यापर्यंत लाल!

"आता गं बाई," एक म्हातारी फिसकन हसली, "असुर बाबाच्याच पायात हाय की!"

"असुर न्हाय आज्जे, खार हाय!" वच्छला ओरडली. "लोणारचं तळं म्हंजे भला मोठा खळगा. पुस्तकात लिवलंय, ज्वालामुखीनं पडला. आमच्या बाई म्हणतात, पक्कं अजून कुणालाच ठाऊक न्हाय. पण त्यातनं पाण्याला भाईर वाट न्हाय. पाणी उन्हानं उडतं, खार मागं ऱ्हातो, आपल्या बंबात साठतो तसा. खार लागला की हळद लाल! तांब्याच्यात साधं पाणी, काळ्यात तळ्याचं! मल्लप्पाकाका, हात काढा!"

मल्लप्पाच्या हातावर तिनं हळद चोळली, वर निंगव्वाच्याच टोपल्यातल्या डब्यातला ओला पापडखार. निंगव्वा तो रोज हाताळायची, पण भीतीपुढं तिलाही सुचलं नव्हतं. हात लाल झाला. वच्छलेनं वर पूजेच्या ताटातलं लिंबू पिळलं, पुन्हा पिवळा!

"गेला का असुर, काका?"

मल्लप्पा बाबांकडं वळला. पाट रिकामा होता. गल्लीच्या तोंडापर्यंत लाल पावलं तेवढी उमटली होती.

"पोरांना दवाखान्यात न्या," वच्छला म्हणाली. "आणि ठाऊक न्हाय म्हणायला लाजू नका. पण ठाऊक न्हाय तितं असुर बसवायचा आन् एका बाईला घराभाईर काढायचं, हे हितनं फुडं चालणार न्हाय!"

तिनं निंगव्वाचं पापडाचं टोपलं उचललं आणि तिच्याच ओट्यावर परत नेऊन ठेवलं.