उकळलेल्या चहातल्या जिवंत पेशी

दिवे मालवले आणि पडद्यावर हजारो ठिपके थरथरू लागले. दिवाणखान्यात दाटीवाटीने बसलेली माणसं श्वास रोखून पाहू लागली.

"एका थेंबात लाखभर मूळपेशी," पांढऱ्या कोटातला पेशीबाबा सूक्ष्मदर्शकावर हात ठेवून म्हणाला. "सगळ्या जिवंत. प्यायल्या की थेट बिघडलेल्या अवयवाकडे जातात. पत्ता सांगावा लागत नाही."

पत्ता तर पोस्टमनलाही लागतो, हे मागे उभ्या असलेल्या मावशीच्या ओठांवर आलं होतं. पण तिचं लक्ष पुढच्या खुर्चीकडे होतं. तिथे तिची थोरली बहीण बसली होती आणि बहिणीच्या मांडीवर भाची मान टाकून पडली होती. पोरीला लहानपणापासूनचा मधुमेह. बाबाच्या शब्दाखातर परवापासून तिचं इन्सुलिन बंद होतं आणि त्याने ताईला दिलेल्या बाटलीतले थेंब चालू होते. ती धापा टाकल्यासारखा खोल श्वास घेत होती आणि तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. मावशी शाळेत विज्ञान शिकवायची. त्या वासाचा अर्थ तिला ठाऊक होता: इन्सुलिनअभावी पोरीच्या रक्तात आम्ल साचत चाललं होतं.

"ताई, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ या," ती कुजबुजली.

"गप्प बस. पेशी कामाला लागल्या की पोर अशीच झोपते म्हणालेत बाबा. डोळ्यांनी बघ की, कशा हलतायत."

ओढाताण केली तर ताई पोरीला अजूनच कवटाळणार आणि ही माणसं आपल्याला बाहेर काढणार, हे मावशीने ओळखलं. आधी ताईच्या डोळ्यांवरची झापडं काढायला हवी होती. सगळ्यांना दिलेल्या चहाचा कप तिच्या हातात होताच. तिने त्यातला थेंबभर चहा पेलाभर पाण्यात ढवळला आणि ते पाणी टेबलावरच्या कोऱ्या काचपट्टीवर घेतलं. ती पट्टी तिने बाबापुढे धरली.

"बाबा, हा ताईच्या बाटलीतला थेंब. यातल्या पेशी जिवंत आहेत ना, तेवढं बघा."

पडद्यावर पुन्हा ठिपके नाचू लागले.

"वा, अगदी ताज्या," बाबा खुलला. "या तर स्वादुपिंडाच्या वाटेलाच लागल्यात."

"हा चहा आहे," मावशी म्हणाली. "तुमच्याच स्वयंपाकघरात खळखळ उकळलेला."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बाबाने घाईघाईने पडद्याचा दिवा बंद केला.

"हे दुधातल्या स्निग्धाचे कण आहेत," मावशी ताईकडे वळून म्हणाली. "पाण्याचे रेणू सतत धावत असतात, ते कणांना चहूकडून धक्के मारतात, म्हणून कण थरथरतात. धूळ टाका, तीही नाचेल. ताई, मूळपेशींपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी खरंच वाढवतात गं. पण प्रयोगशाळेत. त्या शरीरात बसवाव्या लागतात, आणि अजून मोजक्याच रुग्णांवर चाचण्या चालल्यात. प्यायलेली पेशी पोटात पचून जाते. आज हिला वाचवेल ते इन्सुलिनच."

ताईने मांडीकडे पाहिलं. पोरीला हलवलं, हाक मारली. पोर डोळे उघडेना. मग ताई तिला उचलून धावतच सुटली.

दवाखान्यात सलाईन आणि इन्सुलिन लागलं. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पहाटे भाचीने पाणी मागितलं, तेव्हा कुठे मावशीच्या जिवात जीव आला.

"पडद्यावर हलत होतं त्याला मी जिवंत म्हटलं," ताई म्हणाली. "आणि मांडीवरची पोर हलेना, तिला झोपलीय म्हटलं."

मावशीने भाचीच्या अंगावरची चादर सारखी केली. उद्या दुसऱ्या गल्लीत दुसरा पांढरा कोट दुसरा पडदा लावील. तिथे बसाल तेव्हा एवढंच विचारा: हा थेंब उकळला तरी नाचेल का? आणि उत्तर काहीही मिळो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्या माणसाचं औषध बंद करू नका.