परत आलेली अंडी

माझा भाऊ फेर्मिन याने संत क्लाराच्या नन भगिनींचा मठ घेऊन त्याचं हॉटेल केलं, तेव्हा गाव म्हणालं, माणूस धोरणी आहे. मी त्याची थोरली बहीण, हॉटेलातल्या चादरी-टॉवेलांचं बघते, म्हणून सांगते: धोरणी कसला, आयत्या बिळावरचा नागोबा. भगिनींच्या खोल्यांत त्याने मऊ गाद्या घातल्या, प्रार्थनेच्या दालनात बार थाटला. दारातलं फिरतं कपाट मात्र राहू दिलं, कारण त्याच्याशिवाय लग्नं येत नाहीत.

हे कपाट म्हणजे भिंतीत बसवलेलं एक लाकडी पिंप. बाहेरच्याने त्यात वस्तू ठेवायची आणि आतल्या भगिनीने ते फिरवून ती काढून घ्यायची. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. आमच्याकडे लग्नाआधी नवरी संत क्लाराला अंडी वाहते, म्हणजे लग्नात पाऊस येत नाही. भगिनी अंडी घेतात आणि तिच्यासाठी प्रार्थना करतात. मठ ओस पडल्यावरही नवऱ्या कपाटात अंडी ठेवतच राहिल्या. फेर्मिन ती थेट स्वयंपाकघरात नेई आणि सकाळी पाहुण्यांना त्यांचंच बटाटा घातलेलं आमलेट वाढी.

मग मे महिन्यात एका लग्नावर गारा कोसळल्या. नवरीच्या आईने भर मांडवात विचारलं, "आत प्रार्थना करायला आहे कोण? तुझा आचारी?" लोक हसले, आणि पुढची लग्नं शेजारच्या गावी जायला लागली.

तेव्हा कुठे फेर्मिनला सिस्टर ब्रिहिदा आठवली. मठातली ती शेवटची. ऐन विशीत आत आली आणि सगळा जन्म त्या कपाटामागे बसून काढला. मठ बंद झाल्यावर तिला वायादोलिद शहरातल्या वृद्धाश्रमात नेऊन टाकलं होतं. आम्ही आणायला गेलो, तर तिने एकच गोष्ट मागितली.

"जिन्याजवळची माझी खोली. मला तिथे मरायचंय. बाकी काही नको, बाबा."

"एवढंच ना मदर?" फेर्मिन म्हणाला. ती मदर कधीच नव्हती, साधी सिस्टर होती, पण गोड बोलायला याचं काय जातं! "नगराध्यक्षांच्या मुलीचं लग्न कोरडं पार पडू द्या. मग खोली तुमची, मरेपर्यंत."

तोवर तिला कपाटामागच्या अंधाऱ्या खोलीत एक खाट दिली. नगराध्यक्षांच्या मुलीची अंडी तिने घेतली आणि दगडी फरशीवर गुडघे टेकले. मी सूप नेलं की म्हणायची, "ठेव तिथे." सूप गार होऊन जायचं. गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले. पाहुणे कपाटाच्या फटीतून तिच्या हातांचे फोटो काढायचे.

लग्नाच्या दिवशी लख्ख ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपलं गाठोडं घेऊन फेर्मिनसमोर उभी राहिली.

"कुठली खोली?" फेर्मिन म्हणाला. "तिथे नवरा-नवरी झोपलेत. आमची सगळ्यात महागडी खोली आहे ती."

"तू शब्द दिला होतास."

"अहो, दुष्काळाचं वर्ष आहे! त्या गारांनंतर थेंब पडलाय का कुठे? पाऊस पडणारच नव्हता. तुम्ही त्यात काय केलंत?"

"आणि पडला असता तर?"

"तर चूक तुमची." तो हसला. "बसा की कपाटामागे. सप्टेंबरात आमच्या न्येवेसचं लग्न आहे. तिची अंडी घ्या, मग बघू."

गरज सरो, वैद्य मरो. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण मी त्याच्याच छपराखाली राहते. सिस्टर गाठोडं घेऊन आत गेली. फेर्मिनला वाटलं, म्हातारी कबूल झाली.

न्येवेस ही त्याची एकुलती एक. आई लहानपणीच गेली, पोरीला मीच वाढवलं. सप्टेंबरात ती अंड्यांची टोपली घेऊन आली. मागे तिची होणारी सासू आणि गावातल्या बायका होत्या.

"नमो मरिये!" आतून आवाज आला.

न्येवेसने रीतसर उत्तर दिलं आणि टोपली ठेवली. कपाट फिरलं. मग कपाट पुन्हा फिरलं आणि टोपली जशीच्या तशी बाहेर आली. पोरीला वाटलं, चुकून झालं असेल. तिने ती परत आत सारली. टोपली परत आली.

"सिस्टर, मी न्येवेस."

"ओळखलं, पोरी. बापाचाच आवाज आहे तुझा."

"मग घ्या ना अंडी."

"संत क्लारा घेत नाही."

गावात आजवर कुणाचीही अंडी परत आली नव्हती. सासूने छातीवर क्रुसाची खूण केली आणि ती न्येवेसपासून दोन पावलं लांब सरकली. फेर्मिन धावत आला, भिंतीवर थापा मारायला लागला.

"खोली घ्या! दोन घ्या! आत्ता रिकामी करतो! मदर, तेवढी अंडी घ्या हो!"

"दुष्काळाचं वर्ष आहे, बाबा," आतून अगदी शांत उत्तर आलं. "पडणार नाही. मी त्यात काय करणार?"

त्याच दुपारी फेर्मिनने तिला चादरींच्या गाडीत बसवलं आणि मला म्हणाला, "ताई, सोडून ये हिला." वाटेत मला राहवलं नाही.

"तुमचं त्याच्याशी वाकडं. पण माझ्या पोरीने काय केलं होतं?"

"काही नाही," सिस्टर म्हणाली. "मी तरी काय केलं होतं?"

वृद्धाश्रमात तिची खाट दुसरीला देऊन टाकली होती. तिला व्हरांड्यात, टीव्हीखाली जागा मिळाली. मी परत फिरले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

न्येवेसच्या लग्नाला आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. फेर्मिन प्रत्येक टेबलाशी जाऊन सांगत होता, "बघा, आहे का थेंब?" सासू दिवसभर मांडीवर छत्री घेऊन बसली. न्येवेसने घास तोंडात घातला नाही, सारखी वर बघत होती. शेवटी मी तिचा हात धरून म्हटलं, "पोरी, टळलं सगळं. आता तरी जेव."

"पडला असता तर बरं झालं असतं, आत्या," ती म्हणाली. "भिजलो असतो नि संपलं असतं. आता तो जन्मभर कधीही येईल."