जयसिंगच्या नावची फुंकर

जयसिंगच्या हातात स्प्रे गन असली की लायनीवरची नवी पोरं काम सोडून बघत राहायची. चाकणच्या त्या कंपनीच्या पेंट बूथमध्ये त्याला अठरा वर्षं झाली होती. मोटारसायकलच्या टाक्या त्याच्या हाताखालून जायच्या, पण कुठे ओघळ नाही की कुठे कोरडा डाग नाही. एवढ्या सफाईचा माणूस दिवसाला आठ-दहा सिगारेटी ओढायचा आणि त्या बाबतीत कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकायचा नाही. बायको, सोजरबाई, बोलून बोलून थकली होती. "तू बोल, मी ऐकतोय," असं म्हणून तो माचीस शोधायचा.

पेंट बूथवाल्यांची वर्षातून एकदा दमाची तपासणी व्हायची. नळीत जोर लावून फुंकायचं, मग फुफ्फुसांत किती ताकद आहे ते यंत्र सांगतं. गेल्या वर्षी जयसिंगचा आकडा काठावर आला होता. यंदा घसरला तर हातातली गन जाणार आणि पॅकिंगला खोकी चिकटवत बसावं लागणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग त्याला जे सुचलं ते फक्त कारखान्यातल्या माणसालाच सुचू शकतं. हजेरीला आता बोटाचा ठसा लागतो, दुसऱ्याचं कार्ड पंच करायचे दिवस गेले. पण फुंकायच्या यंत्राला ठसा कुठे लागतो? तपासणीवाले बाहेरून आलेले, त्यांना इथले चेहरे ठाऊक नाहीत. निळा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात नावाचं कार्ड, एवढ्यावर काम भागतं.

त्याच्या जागी फुंकायला गेला सदाशिव. हा डिस्पॅचमध्ये, त्याला ही तपासणीच नव्हती. दोघे एकाच आठवड्यात कामाला लागलेले, वय एकच, उंचीही जवळपास तेवढीच. आणि मुख्य म्हणजे सदाशिवने जन्मात कधी सिगारेट ओठाला लावलेली नव्हती.

"राव, हे काही बरं नाही," सदाशिव म्हणाला.

"एक फुंकर मागतोय भावा, किडनी न्हाई मागत."

सदाशिवने आजवर त्याला कशाला नाही म्हटलं होतं, म्हणून यालाच म्हणेल? तो कार्ड घेऊन रांगेत उभा राहिला आणि फुंकून आला. जयसिंगचा जीव भांड्यात पडला.

आठ दिवसांनी कंपनीच्या डॉक्टरांनी, अनुया मॅडमनी, जयसिंगला बोलावलं. पास झाल्याचा कागद घ्यायचाय या समजुतीत तो शीळ घालतच दवाखान्यात शिरला.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "रिपोर्ट चांगला नाही. तुमच्या वयाला जेवढी हवा बाहेर पडायला हवी, त्यापेक्षा बरीच कमी पडतेय. सिगारेट किती ओढता?"

"असतील आठ-दहा."

"दिसतंय. आणखी तपासण्या कराव्या लागतील, छातीचा फोटो काढावा लागेल. पण घाबरू नका. लवकर कळलंय, औषधं आहेत. दुर्लक्ष केलंत तर मात्र पुढे चार पावलं चालतानाही धाप लागेल."

जयसिंग घाबरला तो पहिल्यांदा स्वतःसाठीच. सोजरबाईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं, की ही फुंकर आपली नाहीच. मॅडम पुढे काय बोलल्या ते त्याने ऐकलंच नाही. कागद खिशात कोंबून तो बाहेर आला.

कंपनीच्या गेटबाहेर अंबुबाईची टपरी होती. टपरीमागे पत्र्याचा आडोसा, तीन बाजूंनी बंद. जेवणाच्या सुट्टीत जयसिंग तिथे जाऊन ओढायचा आणि सदाशिव हाफ चहा घेऊन त्याच्याशेजारी उभा राहायचा. रोज. पावसापाण्यात तर त्या आडोशात धूर नुसता कोंडून राहायचा. घरी चारुलतावहिनी शर्टाचा वास घेऊन सदाशिवला फैलावर घ्यायच्या, तुम्ही चोरून ओढता म्हणायच्या. तो हसण्यावारी न्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती गंमत म्हणून जयसिंगला सांगायचा. जयसिंगही पोट धरून हसायचा. या हसण्याची त्याला आता एवढी लाज वाटली, की वाटेत एका ट्रकच्या आडोशाला उभं राहून त्याने डोळे पुसले.

सांगायचं कसं? तीन दिवस त्याने तोंड चुकवलं. सुट्टीत टपरीकडे न जाता तो कंपाउंडच्या पलीकडच्या टोकाला एकटाच जाऊन बसायचा. सिगारेट काढायचा, हातात फिरवायचा, पुन्हा पाकिटात ठेवायचा. एकदा मनात असंही आलं, की गप्प बसावं, पुढच्या महिन्यात स्वतः फुंकून घ्यावं, कुणाला कळणार आहे? मग त्या विचाराचीच त्याला किळस आली.

चौथ्या दिवशी सदाशिवच त्याला शोधत आला. तेवढ्या चालण्यानेही त्याला धाप लागली होती. जयसिंग बघतच राहिला. ही धाप आजची नव्हती. इतके दिवस आपल्याला दिसली कशी नाही?

"माझं काही चुकलं का रे?" सदाशिव म्हणाला. "तीन दिवस एकटाच चहा पितोय मी. अंबुबाईसुद्धा विचारते, भांडलात का म्हणून."

"लांब उभा राहा," जयसिंग म्हणाला. सिगारेट पेटवलेली नव्हती, तरी म्हणाला. मग खिशातला कागद काढून त्याने सदाशिवच्या हातात दिला. "माझं नाव हाय वर. पण दम तुझा हाय."

सदाशिवने कागद वाचला, घडी घातली, आणि शेजारी बसला. जराही लांब नाही, अगदी खांद्याला खांदा लावून.

"वर्ष झालं," तो हळूच म्हणाला. "आकुर्डी स्टेशनचा जिना एका दमात चढवत नाही. वाटलं, वय झालं."

"मग सांगायचं न्हाई व्हय? मला?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? मला शेजारी उभं राहू दिलं नसतंस." सदाशिव हसला. "दिवसभर डिस्पॅचला नुसती खोकी मोजतो रे मी. ती वीस मिनिटंच काय ती माझी. म्हणून नाही सांगितलं. पण न ओढणाऱ्याची फुंकर नापास होईल, असं मलाही वाटलं नव्हतं."

जयसिंगने सदाशिवच्या दंडाला धरून त्याला उठवलं आणि सरळ दवाखान्यात नेलं. दाराशी सदाशिव म्हणाला, "अरे, बनवाबनवी केली म्हणून मेमो देतील तुला." जयसिंग म्हणाला, "देऊ देत. गन काढून घेऊ देत. तू चल."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आधी दोघांवर चांगल्या भडकल्या, हे मॅनेजरला कळवावंच लागेल म्हणाल्या. मग सदाशिवची छाती पुढून-मागून तपासली. कशामुळे झालंय ते तपासण्या झाल्याशिवाय सांगता येणार नाही, पण उपचार आजच सुरू करू, असं त्या म्हणाल्या. नवा कागद पुढे ओढून त्यांनी नाव लिहिलं, वय लिहिलं.

"सिगारेट ओढता?"

"नाही," सदाशिव म्हणाला.

"न्हाई लिवू नका, मॅडम," जयसिंग उभा राहत म्हणाला. "अठरा वर्षं ओढलीय त्यानं. रोजच्या रोज. माझी ओढलीय. तसंच लिवा."

मॅडमचं पेन थांबलं. सदाशिवने जयसिंगचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं.

"माझं लिहा काय लिहायचं ते, मॅडम," तो म्हणाला. "पण आधी याला फुंकायला लावा. याचा यंदाचा दम अजून कुणी बघितलेलाच नाही."