कोरडी ठेवलेली नाव

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी नाव आहे. आंबागडाच्या पायथ्याशी असलेल्या तलावात लोकांना भाड्याने फिरवते. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे फार काही आहे असे मला वाटत नाही. तरी ऐकलेत तर बरे वाटेल.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांनी बपेऱ्याच्या एका सुताराने मला बिजाच्या लाकडाच्या फळ्यांतून घडवले. सांध्यांत कापूस ठासला, वरून डांबर ओतले. मला घेतले मोहाडीच्या ताराचंदने. त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या हातमाग. एक माग तो चालवी, दुसरा त्याची बायको लीलाबाई. किल्ला पाहून उतरलेली माणसे तलावावर रेंगाळतात, हे बघून त्याने आपला माग विकला आणि मला आणले. काठावर धान पिकवणारा कवडू मला चालवू लागला.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. मुले पाण्यात हात घालून ओरडत. नवी जोडपी गप्प बसत. एकदा एका आजोबांनी उतरताना माझ्या काठावर थाप मारली आणि "गुणाची आहे" म्हणाले. कदाचित ते सगळ्याच नावांना तसे म्हणत असतील.

पण खर्च वाढत गेला. इंजिन बसवले, मग डिझेल महागले. तरंगणारी जाकिटे घ्यावी लागली. परवाना दरवर्षी, विमा वेगळा. आणि सर्वांत मोठा खर्च माझाच होता. मी गळू लागले होते.

ताराचंदची माझ्यावर माया होती. उन्हाळ्यात गिऱ्हाईक यायचे थांबले की तो ट्रॅक्टर भाड्याने घेऊन मला घरी नेई. कोशाची रेशमी लुगडी जपतात तसे मला जपे. फडक्याने पुसून, खाली कडुनिंबाचा पाला अंथरून, ओल लागू नये म्हणून कोठीत बंद. तिथे माझ्या फळ्या सुकून आखडत. पुन्हा तलावात सोडले की सांध्यासांध्यातून पाणी. मग सुतार, डांबर, पत्र्याचे ठिगळ. पुढच्या वर्षी तो मला आणखी कोरडी ठेवी.

शेवटी एका उन्हाळ्यात ट्रॅक्टरचे भाडेही निघेना. "राहू दे तिले तिथंच," तो कवडूला म्हणाला. वाऱ्याने वाहून जाऊ नये म्हणून कवडूने इंजिन काढले, माझ्यात दगड भरले आणि मला उथळ पाण्यात बुडवून ठेवले.

आता दुरुस्ती करायची तर लीलाबाईचा माग विकावा लागणार होता. "माग जाईन त मीबी जाईन," ती म्हणाली होती. म्हणून हंगामाच्या तोंडावर ताराचंद आला तो नाकाडोंगरीच्या लाकूड व्यापाऱ्याला घेऊनच. मी गळले, तर तो मला फोडून नेणार होता. लीलाबाईही आली होती.

कवडूने दगड काढले, पाणी उपसले. सगळे माझ्या तळाकडे बघत उभे राहिले.

"कवडूभाऊ, कुठून येऊन राहिलं पाणी?" ताराचंदने विचारले.

"कुठूनच नाही ना भाऊ. हात फिरवून पहा."

ताराचंदने हात फिरवला. तो पुन्हा पुन्हा फिरवत राहिला. उन्हाळाभर पाणी पिऊन माझ्या फळ्या फुगल्या होत्या, सांधे मिटले होते.

"मंग मले कायले बोलावलं एवढ्या दूर?" व्यापारी चिडला.

लीलाबाई पदर तोंडाला लावून हसू लागली. "पाण्याची चीज इतके वर्स कोठीत कोंडून ठेवली! लुगडं होय का ते?"

"मले वाटलं, ओल लागली त सडन."

"तुमच्या हाती मासोळी देली असती, त तिलेबी पुसूनच ठेवलं असतं!"

व्यापारी रिकामा गेला. पुढे डिझेल परवडेना, तेव्हा ताराचंदने इंजिन विकले. आता कवडू मला वल्ह्यांनी चालवतो. गिऱ्हाईक कमी येते, पण मी गळत नाही.

मित्रांनो, मी ताराचंदला दोष देत नाही. त्याचा पुसणारा हात फार हळुवार असे, आणि मला सांगता येत नव्हते. तुम्ही कोणाची काळजी घ्याल तेव्हा आपल्याला जमते तेवढे करून थांबू नका. त्याला काय लागते, तेही पाहा. मोहाडीत लीलाबाईचा माग चालू आहे. मी उन्हाळाभर पाण्याखाली असते. तिथे गार असते.